घाटीची डावी बाजू

सायकल रस्त्याच्या कुठल्या अंगाने चालवावी हे सरकारने मला शिकवण्याआधी माझ्या बहिणीच्या नवऱ्याने शिकवलं होतं. दोघांचं म्हणणं एकमेकांशी जुळणारं नव्हतं. त्यात शहाणपणा करायला मी होतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी बावीसचा, प्राथमिक शाळेत नुकता मास्तर झालेला. आमचं घर मालवणात, शाळा मात्र धामापूरच्या पलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, एका गावात. माझी थोरली बहीण त्याच गावात दिलेली होती, म्हणून वेगळी खोली शोधायचा प्रश्न आला नाही. तिला मी बाय म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला भावोजी. मी त्यांच्याच पडवीत झोपायचो, त्यांच्याच पंगतीला जेवायचो आणि शनिवारी शाळा सुटली की सायकलवर टांग टाकून मालवण गाठायचो. सायकल भावोजींनीच शिकवली होती, भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात. मी सतरा वेळा पडलो आणि ते सतरा वेळा हसले. हसले तरी कॅरिअर धरून मागून धावायचं त्यांनी सोडलं नाही.

भावोजी शेतकरी माणूस. भात, थोडे काजू, चार आंब्याची कलमं. घरात ती दोघं आणि चार वर्षांची मुलगी. शाळा त्यांची चौथीत सुटली होती, पण बोलण्यात त्यांना कोणी हरवल्याचं मी पाहिलं नाही.

सडा उतरून मालवणकडे जाताना एक घाटी लागायची. फार मोठी नव्हे, फर्लांग-दीड फर्लांगाची उतरण आणि मधे एक वळण. उतरताना डाव्या हाताला जांभ्याची उभी दरड आणि उजव्या हाताला, दोन-तीन पुरुष खाली, ओढा, आमच्याकडे व्हाळ म्हणतात तो. पावसाळा सरला की व्हाळातलं पाणी आटायचं आणि नुसते धोंडे उरायचे. रस्ता कच्चा, लाल. मधे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि व्हाळाच्या कडेला सुटी खडी.

या घाटीत चढण्या-उतरण्याची एक रीत होती. ओझं घेऊन चढणारा दरडीच्या अंगाने चढायचा. मग ती भरलेली गाडी असो, डोक्यावरचा लाकडाचा भारा असो, की सायकलला बांधलेलं पोतं. धाप लागली तर दरडीला टेकता येतं, सायकल टेकवून घटकाभर बिडी ओढता येते. व्हाळाच्या अंगाला टेकायचं कशाला? म्हणून वरून रिकाम्या हातांनी उतरणारा माणूस, लांबून ओझं दिसलं की आपणहून व्हाळाच्या कडेला व्हायचा. हे कोणी कोणाला सांगत नसे. मी नवखा म्हणून मला सांगावं लागलं. पहिल्यांदा त्या घाटीतून बरोबर उतरताना भावोजी म्हणाले होते, "भरल्याक वाट देवची. बाकी रस्त्याचो कायदो काय नाय." दोन वर्षं मी तशी वाट देत आलो होतो.

मग तालुक्याच्या गावी शिक्षकांचा मेळावा भरला. त्यात फौजदार साहेबांचं व्याख्यान झालं. मोटारी वाढताहेत, ट्रक वाढताहेत, लोकांना रस्त्यावर चालायची अक्कल नाही, ती मुलांमार्फत घराघरांत गेली पाहिजे, असा विषय. त्यांनी फळ्यावर रस्ता काढला, दोन बाण काढले. सायकलस्वाराने नेहमी आपल्या डाव्या बाजूने, कडेने जावं. जोडीजोडीने जाऊ नये. कॅरिअरवर माणूस बसवू नये. घंटी, दिवा आणि सायकल-कराचा बिल्ला असावाच. मी पुढच्या बाकावर वही उघडून बसलो होतो. मी हात वर करून विचारलं, घाटी असेल तर? फौजदार म्हणाले, "कायदा सपाटीला एक आणि घाटीला एक असा नसतो, गुरुजी." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या. ती वही पुढे मी चुलीत घातली, पण रेघा अजून डोळ्यांसमोर आहेत.

सोमवारी शाळेत मी वर्गाच्या जमिनीवर खडूने रस्ता काढला. पोरांना गाड्या केलं, सायकली केलं, डावीकडून जा-ये करायला लावली. त्यांना मजा वाटली. एका मुलीने मात्र उभं राहून विचारलं, "गुरुजी, भारो घेवन वयर येणाऱ्यान खंय टेकूचा?" तिची आई रोज लाकडं घेऊन ती घाटी चढायची. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की मास्तराला राग येतो. मी तिला खाली बसवलं आणि 'नेहमी डाव्या बाजूने जावे' हे पाटीवर वीस वेळा लिहायला लावलं. तिने ते नीट लिहून दाखवलं.

पोरांनी ही गंमत घरी नेली आणि गावात माझी थट्टा सुरू झाली. मी लांबून दिसलो की गाडीवाला मुद्दाम गाडी कडेला घेऊन मला रामराम घालायचा. ते मी सोसलं. पण शुक्रवारी संध्याकाळी भावोजींकडे शेजारचे दोघं बसले होते, तेव्हा भावोजींनी अंगणात माझी नक्कल केली. मान ताठ, हातात काल्पनिक हँडल, तोंडाने घंटी, आणि समोर आलेल्या कोंबडीला डावीकडे व्हायचा हुकूम. सगळे हसले. दारात उभी असलेली बायसुद्धा पदर तोंडावर धरून हसली. मी चिडून म्हणालो, कायदा आहे तो, एक दिवस तुम्हालाही पाळावा लागेल. भावोजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, फौजदाराच्या टेबलार रस्तो आडवो पडता. हय तो उभो आसा."

सगळे पुन्हा हसले. त्या संध्याकाळी मी पोट दुखतंय म्हणून जेवलो नाही. बायने उगाच ओवा आणून दिला. बोलण्यात हरलो याचा राग माणसाला किती पुरतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरला.

शनिवार. चैत्र संपत आलेला, शाळा सकाळची. पावसाळ्याची बेगमी करायचे ते दिवस. भावोजी पहाटेच सायकल घेऊन मालवणला गेले होते, मीठ आणि सुकी मासळी आणायला. चार महिने पुरेल इतकं मीठ म्हणजे मोठं पोतं, आणि वर सुक्या बांगड्यांचं बोचकं. मी शाळा सुटल्यावर अकराच्या सुमारास निघालो. हँडलला रिकामी पिशवी, दुसरं काही नाही.

घाटीच्या तोंडाशी आलो आणि वळणाच्या वरच्या टप्प्यावरूनच मला खाली भावोजी दिसले. हे मी आता सरळ लिहितो, कारण हेच मी बारा वर्षं लिहिलं नाही, बोललो नाही. ते मला दिसले. अर्ध्या चढणीवर, दरडीच्या अंगाने, पायउतार होऊन सायकल ढकलत. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. हा माणूस आपल्या उजव्या बाजूने येतोय, म्हणजे चुकीच्या बाजूने, आणि मी माझ्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे बरोबर, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आज यांना सरकू दे.

वळण घेतलं तशी मी घंटी वाजवली. भावोजींनी वर पाहिलं. मला ओळखून ते हसले, आणि नेहमीसारखं मी व्हाळाकडे होईन म्हणून हनुवटीने तिकडे खूण केली. मी झालो नाही. पुन्हा घंटी वाजवली. ते थांबले. "मास्तर, बाजूक हो रे," ते म्हणाले. अजूनही ते हसतच होते, त्यांना ती थट्टा वाटत असावी. मी तिसऱ्यांदा घंटी वाजवली आणि ब्रेकला हात लावला नाही.

शेवटच्या चार-पाच हातांवर त्यांचं हसू गेलं. त्यांनी हँडल व्हाळाकडे वळवलं. पोतं एका अंगाला झुकलं, मागचं चाक सुट्या खडीवर गेलं आणि सायकल कडेवरून खाली ओढली गेली. हँडल सोडलं असतं तर ते वाचले असते. पण अख्ख्या पावसाळ्याचं मीठ असं कोण सोडतो? त्यांनी सोडलं नाही. मी दरडीला घासून पुढे निघून गेलो. त्यांच्या अंगाला माझा धक्काही लागला नाही.

मागे फिरून खाली उतरलो तेव्हा ते धोंड्यांत पाठीवर पडले होते. पोतं फुटून मीठ चहूकडे पसरलेलं. डोळे उघडे होते, शुद्ध होती, कमरेखाली मात्र काहीच हलत नव्हतं. मी ओरडत घाटी चढलो, एक गाडीवाला भेटला, आम्ही त्यांना पेंढ्यावर घालून मालवणच्या दवाखान्यात नेलं. वाटेत समोरून भरलेली गाडी आली की आमचा गाडीवाला थांबायचा, आणि समोरचा आत पाहून आपली भरलेली गाडी बाजूला घ्यायचा. त्या दिवशी सगळ्यांनी आम्हाला वाट दिली.

संध्याकाळपर्यंत बाय मुलीला घेऊन दवाखान्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मनाशी ठरवलं होतं की भावोजी जे सांगतील ते मान्य करायचं, नोकरी गेली तर जाऊ दे. हवालदाराने विचारलं, कसं झालं? भावोजींनी छताकडे पाहत सांगितलं, "चूक माजी. मी उलट्या अंगान येय होतंय. मास्तर आपल्या अंगान येय होतो. वळणामुळे मी तेका दिसूक नाय."

मी तोंड उघडलं असतं तर त्याच वेळी उघडायला हवं होतं. हवालदाराने माझ्याकडे पाहून विचारलं, असंच ना? मी म्हणालो, होय. आणि खाली सही केली. वळणदार अक्षरात, मास्तराला शोभेल अशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजी गेले.

पंचनामा झाला. फौजदार साहेब स्वतः घाटीत आले, चाकांच्या खुणा टेपने मोजल्या, आणि मी माझ्या बाजूला होतो असं कागदावर आलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की आपल्या व्याख्यानामुळे निदान एक जीव वाचला. पुढच्या मेळाव्यात त्यांनी ही हकीकत नाव न घेता सगळ्या शिक्षकांना सांगितली. दोन सायकलस्वार, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. डावा जिवंत आहे. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मूग गिळून बसण्याची मला तोवर सवय झाली होती.

मी बदली मागून घेतली आणि मसुऱ्याकडच्या एका शाळेत गेलो. बायच्या घरी राहणं शक्य नव्हतं. गावातलं कोणी मला काही बोललं नाही, पण कोणी माझी थट्टाही करीनासं झालं. त्या गावात थट्टा बंद होणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. सायकल मी सोडली नाही, सोडून चालणार नव्हतं. पण समोरून साधी टोपली घेऊन बाई आली तरी मी खाली उतरून रस्त्याच्या पार बाहेर उभा राहायचो. नव्या गावात लोक हसायचे, मास्तर भित्रे आहेत म्हणायचे. म्हणू दे.

बायकडे मी वर्षातून एकदा जायचो, भाऊबीजेला. नवरा गेल्यापासून ती ओवाळत नसे. पण पाट मांडायची, केळीचं पान घ्यायची, काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे करून मला पोटभर वाढायची, आणि मी जेवत असताना समोर बसून राहायची. शेती तिने अर्धेलीने दिली होती, स्वतः काजूच्या बिया फोडायला जायची. चिकाने तिच्या बोटांची कातडी काळी पडून सोलली होती. त्या बोटांनी ती मला मीठ वाढायची. पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर. मी मीठ न खाता उठायचो, आणि तिने ते कधी विचारलं नाही.

खरं तर तिने काहीच विचारलं नाही. कसं झालं, तू कुठे होतास, शेवटी ते काय म्हणाले, यातलं एक अक्षर बारा वर्षांत तिच्या तोंडून निघालं नाही. मी त्याचा मला हवा तो अर्थ लावला. बायने मनातून काढून टाकलं, असं मी स्वतःला सांगायचो. देवमाणूस आहे ती, असं बायकोला सांगायचो.

बाराव्या वर्षी भाऊबीजेला निघालो तेव्हा घाटी बदललेली होती. रस्ता रुंद झाला होता, डांबर पडलं होतं आणि व्हाळाच्या अंगाला जांभ्याचा कठडा बांधला होता. वळणावर, बरोबर त्या जागी, लोखंडी खांबावर पाटी होती: सायकलस्वारांनी डाव्या बाजूने जावे. अक्षर सुबक होतं. खाली कठड्याला एक लाकूडवाली भारा टेकवून श्वास घेत उभी होती. आता त्या अंगालाही टेकायची सोय झाली होती. कायदा बरोबरच होता. बारा वर्षांपूर्वीही तो चुकीचा नव्हता. फक्त कठडा नव्हता, आणि माझ्या पोटात माया नव्हती. मी त्या पाटीखाली किती वेळ उभा होतो, आठवत नाही. बाई भारा उचलून वर निघून गेली तेव्हा मी ठरवलं की आज बायला सांगायचं.

तिची मुलगी त्या वैशाखात लग्न होऊन गेली होती. घरात बाय एकटीच. तिने पाट मांडला, पान घेतलं, घावणा वाढला. मी पानाला हात न लावता म्हणालो, "बाय, तुका एक सांगूचा आसा. भावोजी माका वळणावरसून दिसले होते. मी मुद्दाम बाजूक झालंय नाय." तिच्याशी मी नेहमी घरच्याच बोलीत बोलायचो, पण ते वाक्य बोलताना मला ती भाषाही परकी वाटली.

तिने घावण्याचं ताट खाली ठेवलं. रडली नाही, तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेनीच सांगल्यान, दवाखान्यात. मास्तरान तीन वेळा घंटी वाजवल्यान, म्हणाले."

बारा वर्षं. मी विचारलं, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती पानावरच्या मिठाकडे पाहत होती.

"तेनी माका शपथ घातलेल्यान. मास्तर आपणहून सांगीपर्यंत तेका काय इचारू नको, तुका एकच भाव आसा, म्हणाले. म्हणान मी दर वर्सा तुका वाढलंय, आणि समोर बसान वाट बगलंय. यंदा सांगात, यंदा सांगात." तिने पान माझ्याकडे सरकवलं. "आज सांगलंस. शपथ सुटली. आता तू हय येव नको."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर ती मला शिव्या देईल, किंवा जवळ घेईल. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. मी म्हणालो, बाय, मला क्षमा कर. ती म्हणाली, जेवून जा, रांधलेलं टाकू नये. मग ती उठून मागल्या दारी गेली.

मी जेवलो. पानातलं सगळं संपवलं, मीठसुद्धा. पान उचलून मागे टाकायला गेलो तेव्हा ती विहिरीवर पाणी काढत होती. राट कुरकुरत होता आणि तिची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारली नाही. पुढल्या अंगणातून सायकल काढली आणि घाटीपर्यंत ढकलत नेली.

ती त्यानंतर बरीच वर्षं होती. मी त्या घरी पुन्हा गेलो नाही.